काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता : फाटकापासून पोर्चपर्यंत

मळ्यातल्या किंवा गावाबाहेरच्या घराला मोठ्या रस्त्यापासून पोर्चपर्यंत स्वतःचा डांबरी रस्ता करून घ्यावा, हा विचार खानदेशात बहुधा घराच्या पहिल्या पावसाळ्यानंतर सुचतो. काळ्या मातीत गाडी फसते, चपलेला पाव पाव किलोचे गोळे चिकटतात आणि पाहुणे गाड्या फाट्यावर ठेवून पँटी दुमडून घरापर्यंत येतात. मग ओळखीतला एखादा ठेकेदार गाठला जातो, तो चौरस फुटाचा एक दर सांगतो आणि आठवड्याभरात काळाभोर रस्ता तयार होतो. असा एक रस्ता मी यावल तालुक्यातल्या आमच्या मळ्यात केला होता. मेअखेरीस तो आरशासारखा दिसत होता; दसऱ्यापर्यंत केळीच्या बागेकडच्या कडेने त्याला अशी लांबच लांब भेग पडली, की तीत करंगळीचे पेर सहज जात असे. तो उखडून दुसऱ्यांदा रस्ता करायला घेतला, तेव्हा नव्या मुकादमाने डांबराविषयी एक शब्दही न काढता पहिला प्रश्न केला, "भाऊ, पानी कथा जाई?" म्हणजे पाणी कुठे जाणार? पहिल्या वेळी हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही कोणाला विचारला नव्हता. पुढे लिहिले आहे ते बरेचसे त्याच प्रश्नाला धरून आहे.

आधी डांबर हवेच का, ते ठरवावे

डांबरी रस्त्याचा गरम माल हॉट मिक्स प्लांटमध्ये तयार होतो आणि डंपरने येतो. प्लांटवाला अर्ध्या डंपरासाठी भट्टी पेटवत नाही, त्यामुळे काम लहान असेल तर माल एक तर मिळत नाही किंवा दुसऱ्या कामावरचा उरलेला, निवालेला माल आपल्या दारात आणून ओतला जातो. हिशेब सोपा आहे. दाबून बसलेल्या डांबरी मालाचे वजन घनमीटरला सुमारे २.३ ते २.४ टन भरते. ६० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्त्यावर ४० मिमीचा थर द्यायचा तर सुमारे १७ टन माल लागतो, आणि एवढ्यासाठी प्लांटशी बोलता येते. उलट शहरातल्या बंगल्यापुढच्या ३०० चौरस फुटांच्या जागेला अडीच टनांच्या आसपासच माल लागेल. अशा ठिकाणी माझ्या मते पेव्हर ब्लॉक बसवावेत. माती हलली तर ते उचलून पुन्हा बसवता येतात आणि पाण्याची लाईन फुटली तर चार ब्लॉक काढून काम भागते. लहान जागेत डांबरच हवे असेल, तर कॉलनीतल्या रस्त्याचे काम निघेल त्या वेळी शेजाऱ्यांसह एकत्र मागणी द्यावी.

लांब पोचरस्त्याला मात्र डांबर सोयीचे ठरते. काँक्रीटच्या मानाने ते थोडे लवचीक असते, जमीन किंचित हलली तरी लगेच तुकडे पडत नाहीत, आणि वरचा थर झिजला तर त्यावर नवा थर देता येतो. त्याचे दोन शत्रू मात्र खानदेशात भरपूर आहेत: खालून फुगणारी माती आणि वरून तापणारा सूर्य.

माती ओळखणे

तापीच्या खोऱ्यात, म्हणजे चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यात, काळी माती पुष्कळ ठिकाणी पुरुषभर खोल असते, तर साक्रीच्या बाजूला किंवा सातपुड्याच्या पायथ्याला काही ठिकाणी फूट-दीड फुटावरच मुरूम लागतो. मुरूम लागला तर निम्मी लढाई जिंकली असे समजावे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर भेगा आपण लहानपणापासून पाहतो, पण त्याच भेगा रस्त्याखालीही पडत असतात, हे रस्ता करताना लक्षात राहत नाही.

माती किती फुगते हे तपासण्याची प्रयोगशाळेतली पद्धत अगदी साधी आहे. चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये मापाच्या उभ्या नळीत टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोन्ही नळ्यांतला फरक टक्केवारीत काढला जातो, आणि तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर ती माती जास्त फुगणारी समजली जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खाजगी प्रयोगशाळेत ही चाचणी करून मिळते. घरच्या घरी नुसता अंदाज घ्यायचा असेल तर काचेचा सरळ पेला घ्यावा, त्यात दोन बोटे उंचीपर्यंत वस्त्रगाळ कोरडी माती भरून बाहेरून पेनने रेघ मारावी, मग पाणी ओतून ढवळून ठेवावे. मी दोन पेले स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले होते, एकात बागेतली माती आणि दुसऱ्यात विहिरीच्या ढिगातला मुरूम. दुसऱ्या दिवशी मुरूम रेघेवरच बसला होता, आणि माती तीन बोटांच्या वर जाऊन खिरीसारखी दाटली होती. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे, पण ठेकेदार "माती चांगली आहे, खोदायची गरज नाही" असे म्हणू लागला, की तो पेला त्याच्यापुढे ठेवायला उपयोगी पडतो.

खोदाई, आणि खोदाईत होणारी चूक

खोल काळी माती सगळी काढणे शक्य नसते आणि तशी गरजही नसते. फक्त घरच्या गाड्या येणार असतील तर दीड फूट, आणि केळीचे ट्रक, कपाशीच्या ट्रॉल्या किंवा पाण्याचे टँकर येणार असतील तर किमान दोन फूट माती काढून तिथे मुरूम भरावा. रस्ता कोणासाठी करतो आहोत, हे इथेच प्रामाणिकपणे ठरवावे. "आमच्याकडे ट्रक येत नाही" असे सांगणाऱ्याच्या घरी बांधकामाची वाळू, बोअरवेलची गाडी आणि लग्नाच्या मांडवाचा टेम्पो हे सगळे येतातच. खोदाईची रुंदी डांबराच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी निदान दीड-दीड फूट जास्त ठेवावी. निघालेली काळी माती शेतात टाकावी. तिचा बांध रस्त्याच्या कडेला घातला, तर पावसाळ्यात रस्त्याचा पाट होतो.

आता ती चूक. काळ्या मातीत दोन फूट खोल चर खणून त्यात मुरूम भरला, की आपण नकळत एक हौद तयार केलेला असतो. मुरमातून पाणी सहज खाली उतरते, पण तळाची आणि बाजूची काळी माती ते पुढे जाऊ देत नाही. ते पाणी आठवडेच्या आठवडे तिथे साचून राहते, तळाची माती भिजून मऊ होते आणि वरून चाक गेले की मुरूम तिच्यात रुतत जातो. यासाठी खोदलेल्या तळालाच उतार द्यावा आणि तळाच्या सर्वांत खालच्या टोकापासून बाहेरच्या नाल्यापर्यंत खडी भरलेला चर किंवा छिद्रे असलेला पाइप काढावा. पाइपाला बाहेरचे तोंड उघडे हवे. शेतातल्या सरीत नेऊन सोडलेला पाइप पहिल्याच नांगरणीत बुजतो.

तळाची माती फारच मऊ असेल तर तिच्यात चुना मिसळण्याचा उपाय आहे. कोरड्या मातीच्या वजनाच्या सुमारे ३ ते ५ टक्के विरलेल्या चुन्याची पूड पसरून, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने सहा इंच खोल मिसळून, पाणी शिंपडून रोलर फिरवला, की मातीचा चिकटपणा आणि फुगवटा बराच कमी होतो. हे काम करणाऱ्याने हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा आणि वारा सुटलेल्या दिवशी चुना पसरू नये.

याच टप्प्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. ठिबकची मेन लाईन, विहिरीवरची केबल, फाटकावरच्या दिव्याची तार, असे जे जे काही आज ना उद्या रस्त्याखालून न्यावे लागेल, त्यासाठी दोन-तीन ठिकाणी ४ इंची पीव्हीसी पाइप आडवे टाकून, त्यांची तोंडे बंद करून ठेवावीत. तयार डांबर फोडून टाकलेल्या पाइपाची जागा पुढे कितीही बुजवली तरी खचतेच.

मुरूम आणि खडी

मुरूम कठीण असावा. थोडा ओला करून मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा, पण हाताला चिखलासारखा राड लागू नये. राड लागली तर त्यात माती जास्त आहे. तो एकदम दोन फूट ओतून वरून रोलर फिरवणे म्हणजे वरचे चार इंच दाबून खालचे वीस इंच पोकळ ठेवणे होय. सैल मुरमाचा सहा ते आठ इंचांचा एकेक थर पसरावा, पाणी मारावे, आठ-दहा टनी रोलर किंवा कंप देणारा रोलर फिरवावा आणि मगच पुढचा थर घ्यावा. काम झाल्यावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरने अगदी सावकाश त्यावरून न्यावी आणि आपण बाजूला उकिडवे बसून चाकाकडे पाहावे. चाकापुढे जमीन लाटेसारखी हलली, तर तेवढा तुकडा उकरून पुन्हा भरावा. ही परीक्षा फुकट आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

घाई नसेल तर मुरूम भरून एक पावसाळा जाऊ द्यावा, असा माझा आग्रह आहे. मार्च-एप्रिलमध्ये मुरूम, मग जून ते सप्टेंबर त्यावरूनच वापर, आणि दिवाळीनंतर खडी आणि डांबर. या चार महिन्यांत कुठे खचते, कुठे पाणी तुंबते, हे रस्ता स्वतःच दाखवतो, आणि मुरमातली दुरुस्ती डांबरातल्या दुरुस्तीच्या मानाने अगदीच स्वस्त पडते.

मुरमावर खडीचे थर येतात. आपल्याकडची काळ्या दगडाची खडी त्यासाठी उत्तम असते. मात्र ती धुळीने माखलेली किंवा चपट्या कपच्यांची नसावी. आधी ६३ ते ४५ मिमी आणि त्यावर ५३ ते २२.४ मिमी आकाराची खडी, प्रत्येक थर दाबल्यानंतर ७५ मिमी भरेल इतका, आणि खडीच्या फटींत बारीक कच व मुरूम पाण्याने बसवलेला, ही जुनी डब्ल्यूबीएमची पद्धत आजही लहान कामाला चालते. ट्रक येणार असतील तर आणखी एक थर घ्यावा. प्लांटमध्येच पाणी घालून मिसळलेली खडी, जिला डब्ल्यूएमएम म्हणतात, मिळत असेल तर ती अधिक एकजीव बसते.

उतार आणि कडा

रस्त्याला आडवा उतार ४० फुटांस १ फूट, म्हणजे ३ मीटर रुंदीला साडेसात सेंटिमीटर, इतका हवा. तो मध्यापासून दोन्हीकडे देता येतो किंवा एकाच बाजूला देता येतो. अरुंद पोचरस्त्याला एकाच बाजूचा उतार मला जास्त पसंत आहे, कारण मग एकच गटार सांभाळावे लागते. हा उतार डांबराच्या थरात जाडी कमी-जास्त करून काढू नये. तो मुरमातच काढलेला असावा, म्हणजे वरचे सगळे थर सारख्या जाडीचे बसतात. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी उतार तपासायला पुरेशी आहे.

डांबराची तयार पातळी पोर्चच्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली राहील, हे आधीच पाहावे, कारण दहा-बारा वर्षांनी नवा थर दिला की रस्ता दीड-दोन इंचांनी वर येतो. मोठ्या रस्त्याला जिथे आपला रस्ता मिळतो, तिथे बाजूचे गटार बुजवू नये. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, ज्यांचा रस्ता असेल त्यांची लेखी परवानगी घेऊन, गाड्यांचे वजन सोसणारा एनपी-३ दर्जाचा सिमेंट पाइप टाकून मोरी करावी. पाइप इतका मोठा असावा, की त्यात अडकलेला कचरा फावड्याने ओढून काढता येईल.

कडेला आधार नसलेले डांबर कडेनेच तुटत जाते. दगडी किंवा काँक्रीटचा पट्टा डांबराच्या पातळीला बसवावा आणि त्याच्या बाहेर दीड फूट मुरमाची दाबलेली बाजूपट्टी ठेवावी. उताराच्या बाजूचा पट्टा डांबरापेक्षा वर आला, तर पाणी अडते आणि इतकी सगळी मेहनत वाया जाते.

डांबर

ज्याला आपण डांबर म्हणतो ते आता खनिज तेल शुद्धीकरणातून मिळणारे बिटुमेन असते. कोळशापासूनचे डांबर वेगळे, पण शब्द रूढ आहे आणि तोच इथे वापरला आहे. भारतीय मानक आयएस ७३ प्रमाणे त्याचे व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० असे दर्जे आहेत. आकडा जितका मोठा तितके डांबर घट्ट. मऊ पडण्याचे किमान तापमान व्हीजी-१० ला ४० अंश, व्हीजी-३० ला ४७ अंश आणि व्हीजी-४० ला ५० अंश ठरवलेले आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांपर्यंत पोहोचते आणि उन्हातला काळा रस्ता ६० अंशांच्याही वर तापतो. म्हणजे आपल्याकडे कोणतेही डांबर भर उन्हाळ्यात थोडे मऊ पडणारच. प्रश्न किती पडते एवढाच आहे. म्हणून व्हीजी-३० च्या खाली जाऊ नये, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा ट्रक उभे राहणार असतील तर व्हीजी-४० मागावे. ठेकेदाराच्या बोलीत "डांबर एक नंबर" एवढेच लिहिलेले असते. तिथे दर्जाचा आकडा लिहून घ्यावा.

खडीच्या थरावर प्रथम प्राइम कोट येतो. पृष्ठभाग तारेच्या ब्रशाने आणि झाडूने इतका झाडावा, की धूळ जाऊन खडीची डोकी दिसू लागतील; मग डांबराचे सावकाश बसणारे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले डांबर, चौरस मीटरला सुमारे ०.७ ते १ किलो फवारावे. हे इमल्शन चॉकलेटी रंगाचे असते आणि त्यातले पाणी उडाले की काळे पडते. ते पूर्ण काळे होऊन मुरायला सुमारे २४ तास द्यावेत. माझ्या पहिल्या रस्त्याच्या वेळी हा कोट मारल्यावर अर्ध्या तासात चॉकलेटी चिखलावरच माल ओतला गेला होता, आणि मी चहा पाजत उभा होतो.

वरच्या थराबाबत दोन पर्याय सांगितले जातात. खेड्यातल्या रस्त्यांवर पाहिलेले २० मिमीचे कार्पेट स्वस्त असते, पण त्याची रचना विरळ असते. त्यावर सील कोट, म्हणजे फटी बुजवणारा पातळ थर, दिला नाही तर पाणी सरळ खाली उतरते. चौरस फुटाचा जो दर सांगितला जातो, तो पुष्कळदा सील कोट सोडून असतो. काळ्या मातीच्या जागी मी ४० मिमीचा दाट मालाचा एकच थर पसंत करीन, कारण रस्त्याचे छप्पर गळके असून चालत नाही. ट्रक येणार असतील तर त्याच्याखाली ५० मिमीचा बीएमचा (बिटुमिनस मॅकॅडम, म्हणजे डांबरात घोळलेल्या जाड खडीचा) थर द्यावा. डांबरावर दुसरा डांबरी थर देताना मध्ये दोन्ही थर चिकटावेत म्हणून टॅक कोटचा पातळ फवारा लागतो, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास.

माल आला, की पहिले काम तापमान पाहणे. व्हीजी-३० चा माल प्लांटमधून १५० ते १६५ अंशांना निघतो, पसरताना तो १४० च्या खाली नसावा आणि रोलरचे काम ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी संपले पाहिजे. दांड्याचा थर्मामीटर ठेकेदाराकडे असावा. नसला तर आपण आणावा. डंपरवर ताडपत्री नसेल आणि ढिगाचा वरचा भाग कडक पापुद्र्यासारखा झाला असेल, तर तो माल परत पाठवण्याची तयारी ठेवावी. उलट मालातून निळसर धूर निघत असेल तर तो जास्त तापवलेला आहे आणि त्यातले डांबर जळून ठिसूळ झालेले आहे. काट्याची पावती डंपरागणिक घ्यावी आणि वर दिलेल्या हिशेबाने जाडी ताडून पाहावी. दाबलेले ४० मिमी मिळण्यासाठी सैल माल सुमारे ५० मिमी पसरावा लागतो. माल गरम असतानाच खूण केलेला खिळा खुपसून पाच-सहा ठिकाणी जाडी पाहता येते, आणि कडेला ती जरूर पाहावी, कारण माल वाचवायचा तो तिथेच वाचवला जातो.

रोलर खालच्या कडेपासून वरच्या कडेकडे सरकत न्यावा आणि तो गरम मालावर उभा करून ठेवू नये. काल थांबलेल्या थराची कड आज पुढे न्यायची असेल, तर ती उभी कापून तिला डांबर लावावे. पावसात, ओल्या पृष्ठभागावर आणि हवा १० अंशांच्या खाली असताना डांबर टाकू नये. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हे तापमान सहज येते, म्हणून थंडीत सकाळी दहानंतरच पहिला डंपर बोलवावा. सर्व विचार करता दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. काम चालू असताना मुले आणि कुत्री बांधापलीकडे ठेवावीत. गरम डांबर अंगावर उडाले तर ते ओढून काढू नये, त्यासोबत कातडी निघते. वीस मिनिटे थंड पाण्याखाली धरावे आणि डांबर चिकटलेले तसेच ठेवून दवाखान्यात जावे.

पैशांचा शेवटचा हप्ता एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी. प्रत्येक थराची दाबल्यानंतरची जाडी, डांबराचा दर्जा, ठरलेले सगळे कोट आणि आडवा उतार एवढे कागदावर आले, की बोलाचालीला जागा फारशी उरत नाही.

पहिले वर्ष

थंडीत २४ तासांनी आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी गाडी आत घ्यावी. पहिले काही महिने गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवू नये, त्याने वरची खडी सुटते. मे महिन्यात मोटारसायकलचा बाजूचा स्टँड डांबरात नाण्याएवढे भोक पाडतो. पोर्चजवळ फरशीचा एक तुकडा ठेवला की प्रश्न मिटतो. ट्रॉलीच्या जॅकखाली नेहमी फळी ठेवावी, आणि चिखलणीची लोखंडी चाके लावलेला ट्रॅक्टर डांबरावर एकदाही येऊ देऊ नये. डिझेल आणि पेट्रोल डांबर विरघळवतात. सांडले तर लगेच माती किंवा कच टाकून शोषून घ्यावे आणि साबणाच्या पाण्याने धुवावे. रस्ता पुन्हा काळा दिसावा म्हणून त्यावर जळके इंजिन ऑइल फासणारे लोक मी पाहिले आहेत. ते रस्त्याला हळूहळू विष देतात.

उन्हाळ्यात डांबर वर येऊन चकाकू लागले आणि चपलेला चिकटू लागले, तर दुपारी त्यावर बारीक कच पसरून चाकांनी दाबू द्यावी. लागेल तितक्या वेळा हेच करावे.

भेगा, खड्डे आणि केळीचे पाणी

माझी ती लांब भेग कशाने पडली, हे कळायला मला वर्ष गेले. केळीला बारमाही पाणी लागते. रस्त्याच्या एका अंगाला ठिबकच्या नळ्या कडेपासून हातभर अंतरावर होत्या, तर दुसऱ्या अंगाची जमीन पडीक आणि कोरडी. एकीकडची माती वर्षभर फुगलेली, दुसरीकडची उन्हाळ्यात आकसलेली. मधल्या रस्त्याला फाटण्यावाचून इलाज नव्हता. आता ठिबकची पहिली ओळ कडेपासून सहा फुटांवर आहे. झाडांचेही असेच आहे: निंब किंवा पिंपळ आपल्या मुळांनी मातीतले पाणी ओढून घेतो आणि त्या बाजूचा रस्ता बसतो, म्हणून झाड जितके उंच होणार, निदान तितक्या अंतरावर ते लावावे. छतावरच्या टाकीचा ओव्हरफ्लो आणि गाडी धुण्याचे पाणी एकाच जागी रोज पडत असेल, तर त्याला गटारात नेणारा पाइप जोडावा.

भेगा भरण्याचे काम मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पाऊस येण्याआधी उरकावे. भेगेतली माती आणि गवत तारेने किंवा हवेच्या झोताने काढावे, मग इमल्शन आणि बारीक वाळूचे मिश्रण किंवा गरम डांबर ओतावे. या दिवसांत भेगा सर्वांत रुंद असतात आणि पावसाळ्यात मिटतात, म्हणून भरणे पृष्ठभागाच्या दोन-तीन मिमी खालीच थांबवावे, नाही तर ते वर उचलून येते. कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारख्या बारीक चौकटींच्या भेगा दिसल्या, तर मात्र वरून भरून उपयोग नसतो. तिथे खालचा थर गेलेला असतो आणि तेवढा तुकडा मुरमापर्यंत उकरूनच पुन्हा करावा लागतो.

खड्ड्यात विटांचे तुकडे किंवा मुरूम टाकण्याचा मोह टाळावा. खड्ड्याच्या कडा उभ्या आणि चौकोनी कापाव्या, तळ कोरडा व स्वच्छ करावा, टॅक कोट लावावा, माल भरून सेंटिमीटरभर वर ठेवावा आणि ठोकून बसवावा. पावसाळ्यात खड्डा पडला, तर पिशवीत मिळणारा थंड मिश्रणाचा माल तात्पुरता वापरता येतो. दिवाळीनंतर तो काढून पक्के काम करावे.

चार-पाच वर्षांनी रस्ता करडा पडतो आणि वरची बारीक खडी सुटू लागते. तेव्हा पाणी मिसळून पातळ केलेल्या इमल्शनचा हलका फवारा द्यावा. दारोदार फिरून "काळा कोट मारून देतो" म्हणणाऱ्यांकडून नव्या रस्त्यावर तो करून घेऊ नये; पहिल्या वर्षी त्याची गरज नसते आणि त्याने रस्ता नुसता निसरडा होतो.

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर अर्ध्या तासाने छत्री घेऊन रस्त्यावरून एकदा चालत जावे आणि पाणी जिथे जिथे थांबलेले असेल, त्या डबक्याच्या कडेने खूण करावी. मी पहिल्यांदा शाळेचा खडू नेला होता आणि संध्याकाळच्या सरीने सगळ्या खुणा धुऊन नेल्या. आता बैलांच्या शिंगांना लावायच्या ऑइलपेंटचा उरलेला डबा आणि जुना ब्रश फाटकाच्या खोलीत ठेवलेला असतो, आणि त्या खुणांच्या जागा दिवाळीनंतर भरायच्या यादीत जातात.